डाव्या चाकाची पिन

त्या दिवशी मी नुसते रबरी बुश आणायला गेले होते. डेपोतली पहिली पाळी संपली होती, हात दोनदा धुऊनही नखांतलं ग्रीस निघालं नव्हतं, आणि स्पेअर पार्टच्या दुकानात दुपारचं ऊन काउंटरवर अर्ध्यापर्यंत आलं होतं. दुकानदार स्टुलावर चढून वरच्या फळीवरची खोकी चाचपत होता. इतक्या जुन्या गाडीचे बुश आता कोण मागतंय, असं पुटपुटत त्याने एक खोकं खाली आणलं, त्यावर फुंकर मारली आणि धुरळ्याआडूनच विचारलं, "सरांच्या गाडीला ना?"

"हो."

"वाईट झालं. इतक्या जणांना गाडी शिकवली, आणि शेवटी स्वतःचाच डोळा लागला. वयापुढे कोणाचं चालत नाही म्हणा."

मी बुश पिशवीत टाकले आणि निघाले. तोंडात आलेलं गिळून टाकायची मला तोपर्यंत सवय झाली होती. पण रस्त्याने चालताना तळपायाची आग मस्तकात जात होती. ज्याला त्याला माहीत होतं की माझे बाबा गाडी चालवता चालवता झोपले. जणू सगळे मागच्या सीटवर बसून बघत होते.

माझे बाबा ड्रायव्हिंग शिकवायचे. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. त्यांच्या शिकवायच्या गाडीत कोणी जांभई दिली तरी ते गाडी बाजूला घ्यायला लावायचे आणि त्याला तोंड धुऊन यायला सांगायचे. असा माणूस भर दुपारी, कोरड्या रस्त्यावर, तळ्याकाठच्या वळणावर झोपला. ते वळण त्यांनी हजारदा घेतलं असेल. आमची घरची जुनी गाडी त्या वळणावर वळलीच नाही. सरळ जाऊन पुलाच्या दगडी कठड्याला धडकली. बाबांची छाती स्टिअरिंगवर आपटली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

चौकशीला जे साहेब आले, त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. पँटला धूळ लागू नये म्हणून खाली वाकलेसुद्धा नाहीत. रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नाहीत, म्हणजे चालक झोपला होता. डावं चाक निखळलंय, ते कठड्याला आपटून. झालं, मिटलं प्रकरण. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, मान डोलावली. आईने मान डोलावली नाही, पण त्या दिवसापासून तिने बोलणंच टाकलं. विचारलं तेवढ्याचं हो किंवा नाही, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत बसणं.

दादाला गाडी भंगारात द्यायची होती. मी ती ओढून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली. मी बसडेपोच्या वर्कशॉपला आहे, पुढची चाकं आणि त्यांच्या मागची सगळी जोडणी हेच माझं रोजचं काम. बंपर आणि मडगार्ड चेपलं होतं, पण इंजिनाला धक्का नव्हता. म्हटलं, पुढचं सगळं उघडायचं, साफ करायचं, नवं बसवायचं. गाडी उभी राहिली तर बरंच. नाही राहिली तरी तिच्या पोटात काय झालं होतं ते तरी कळेल.

पहिल्याच दुपारी कळलं.

शेडमध्ये गंजाचा आणि रॉकेलचा वास कोंडला होता. पत्रा उन्हाने तडतडत होता. मी गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवली आणि डाव्या चाकाच्या जागी टॉर्च धरला. चाक ज्या लोखंडी आर्मवर उभं असतं, त्याच्या टोकाला वाटीत बसवलेला एक गोळा असतो. बॉल जॉइंट म्हणतात त्याला. त्याच्या दांड्यावर नट चढतो, आणि नट फिरून सैल होऊ नये म्हणून आरपार एक पिन घालून तिचे दोन पाय वाकवतात. चाक त्या पिनेच्या जिवावर असतं, असं म्हटलं तरी चालेल.

दांड्यावर नट नव्हता. आटे मात्र कोरे करकरीत होते, एक ओरखडा नव्हता. पिनेचं भोक स्वच्छ होतं. आपटून तुटलं असतं तर आटे खरवडले असते, पिनेचा तुकडा तरी भोकात अडकला असता. इथे नट आपणहून फिरत फिरत उतरला होता, कारण पिन घातलेलीच नव्हती. गोळा निसटला, चाक आडवं झालं, त्याने ब्रेकचा पाइप ओढून तोडला. मग ब्रेकच्या खुणा कुठून येणार होत्या? बाबा जागे होते. शेवटच्या क्षणापर्यंत पेडल दाबत होते.

उजव्या बाजूला नवा जॉइंट, नवा नट, आणि त्यात चकाकती नवी पिन. दोन्ही बाजूंचं काम अपघाताच्या आदल्याच आठवड्यात पान्याकडे झालं होतं.

पान्या म्हणजे दादाचा शाळेपासूनचा मित्र. मागच्या खिशात कायम पाना, म्हणून पान्या. कोपऱ्यावर त्याचं गॅरेज आहे. आमच्या घरात जेवून वाढलेला, आणि गाडी चालवायला बाबांकडेच शिकलेला. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, दोन्ही पिना मी माझ्या हाताने घातल्या. आईशप्पथ. धक्क्याने उडाली असेल."

दादाला आणून आटे दाखवले. त्याने बघितले आणि न बघितल्यासारखं केलं. "पान्या असं करणार नाही," म्हणाला. "आणि आता हे उकरून बाबा परत येणार आहेत का?"

डोळ्यांवर कातडं ओढून घेतलेल्या माणसाला काय दाखवणार? मी म्हटलं, ठीक आहे, आधी गाडी उभी करते. मग एकेकाला बघते.

उजवी बाजू मुकाट बसली. बुश, स्प्रिंग, शॉकअप, सगळं. डाव्या बाजूला मी नवा जॉइंट घातला, नट आवळला, पिन घातली, पाय वाकवले, वरून एकदा पक्कडीने दाबले. शेडला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी डेपोतून येऊन बघते, तर नट बोटाने फिरत होता. पिन खाली जमिनीवर पडलेली. तिचे वाकवलेले पाय कोणीतरी सरळ केले होते, आणि ते इतके नीट सरळ की पिन नुकती खोक्यातून काढल्यासारखी दिसत होती.

मला आधी दादाचाच संशय आला. दुसरं कोण होतं? मी घरात जाऊन त्याला नको नको ते बोलले. मित्राला वाचवण्यासाठी तू बापाच्या गाडीला हात लावतोस, म्हणाले. तो जेवत होता. हातातला घास ताटात ठेवून उठला आणि म्हणाला, "शेडची किल्ली तुझ्या गळ्यात आहे. मी काय पत्र्यातून आत गेलो?"

मी दुसरी पिन घातली. कुलूपही बदललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नट सैल, पिन खाली, पाय सरळ. उजवीकडच्या पिनेला कोणी शिवलंही नव्हतं.

तिसऱ्या वेळी मी रजा टाकली आणि दुपारभर शेडमध्येच बसले. दार आतून लावलं. तेलाचा रिकामा डबा उलटा करून त्यावर बसले आणि चाकाच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. बाहेर लख्ख ऊन होतं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या कांड्या आत आल्या होत्या आणि त्यांत धूळ तरंगत होती. भीती वाटावी असं काहीच नव्हतं. मला भीती वाटतही नव्हती, मला राग आला होता. कोण आहे तो समोर येऊ दे, एवढंच डोक्यात होतं.

बऱ्याच वेळाने पत्र्याचं तडतडणं थांबलं.

ते थांबल्यावर कळलं की इतका वेळ तोच आवाज माझ्या सोबतीला होता. रस्त्यावरचे हॉर्न, शेजारच्या नळाचं पाणी, काहीच ऐकू येईना. मग गाडीखालून एक बारीक आवाज आला. तार वाकल्यासारखा... कुर्र... आणि थांबला. पुन्हा कुर्र. माझ्या डोळ्यांदेखत पिनेचा एक पाय सरळ होत होता. अजिबात घाई नव्हती. नवशिक्याला दाखवताना हळूहळू करतात तसं. मग दुसरा पाय. पिन भोकातून सरकली आणि जमिनीवर टिंगकन पडली. नट फिरू लागला.

शेडमध्ये पेपरमिंटचा वास सुटला. बाबांच्या तोंडात शिकवताना कायम पेपरमिंटची गोळी असायची. आणि गाडीखालून, अगदी हळू, न रागावता, कोणीतरी म्हणालं,

"पुन्हा."

शिकणाऱ्याचं काही चुकलं की बाबा एवढंच म्हणायचे. ओरडायचे नाहीत, समजावायचे नाहीत. वळण चुकलं? पुन्हा. क्लच लवकर सोडला? पुन्हा. जमेपर्यंत गाडीतून उतरू द्यायचे नाहीत.

अंगावर सर्रकन काटा आला, ते खरं आहे. पण खोटं कशाला सांगू, त्यापेक्षा जास्त मी चिडले. मी म्हटलं, "बाबा, मी बरोबर बसवली होती. मला काय पुन्हा म्हणता? चूक माझी आहे का?"

पत्रा पुन्हा तडतडू लागला. आणि माझ्याच तोंडून निघालेल्या प्रश्नाने माझं डोकं ताळ्यावर आलं. चूक माझी नव्हतीच. म्हणजे काम पण माझं नव्हतं.

मी तशीच काळ्या हातांनी पान्याच्या गॅरेजवर गेले. तो एका गिऱ्हाइकाशी हसत बोलत होता. मला बघून हसू मावळलं.

"डावी बाजू बसत नाही," मी म्हटलं. "ये आणि बसव."

"तू बसवलीस तर बसणार नाही होय? तुझा हात माझ्यापेक्षा—"

"पान्या, ये म्हटलं ना."

तो आला. कदाचित गिऱ्हाइकासमोर तमाशा नको म्हणून आला असेल. शेडच्या दारात दादा उभा होता, आमची जुंपणार हे बघून तो आला होता. पान्या पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. मी पिन त्याच्या हातात दिली. त्याने नट आवळला. पिन भोकाशी नेली, पण पिन आत जाईना. काठाला लागून टिकटिक वाजत राहिली.

"पेपरमिंट कोणी खाल्लंय?" त्याने खालून विचारलं.

दादाने माझ्याकडे बघितलं.

"अगं, सांग ना... कोण आहे पलीकडे? नट कोणीतरी धरून ठेवलाय."

"तुला माहीत आहे कोण आहे," मी म्हटलं.

मग तो गाडीखालूनच बोलायला लागला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. त्या दिवशी डावा नट हाताने चढवला आणि तेवढ्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाची गाडी आली. तिकडे गेला. परत येऊन चाक चढवलं, गाडी खाली घेतली, सरांना किल्ली दिली. पिन त्याच्या शर्टाच्या खिशात राहिली. सापडली कधी? त्याच संध्याकाळी. सरांना फोन करणार होता. म्हटलं, उद्या करू. उद्या, परवा करता करता राहून गेलं. बोलवून घेतलं तर काम अर्धवट दिलं असं गावभर झालं असतं.

"आणि नंतर?" हे मी नाही, दादाने विचारलं. "नंतर का नाही बोललास? स्मशानात माझ्या खांद्यावर हात ठेवून तूच म्हणालास ना, सरांना डुलकी लागली असेल? पहिल्यांदा तूच म्हणालास."

पान्याने गाडीखाली पाय आखडून घेतले. मला त्या क्षणी कळलं की ती अफवा नव्हती. गावाने तर्क केला नव्हता. यानेच ती गोष्ट रचली, आणि सगळ्यांनी ती आनंदाने गळ्याखाली घातली, कारण म्हाताऱ्या माणसाला झोप लागली हे ऐकायला सोपं होतं. कोणाला काही करावं लागत नव्हतं. एक माणूस चुकतो, हे मी समजू शकते. मी स्वतः वर्कशॉपला आहे. पण मेलेल्या माणसाच्या माथी आपली चूक मारून त्याच्याच घरी सांत्वनाला यायचं, त्याच्या बायकोसमोर मान खाली घालून बसायचं, हे कुठल्या काळजाने जमतं?

पिन बसली. पाय वाकले. या वेळी ते सरळ झाले नाहीत. पान्या बाहेर आला तेव्हा घामाने त्याची पाठ जमिनीवर उमटली होती.

दारात आई उभी होती. ती कधी आली, किती ऐकलं, कोणालाच कळलं नाही. तिच्या हातात गाडीची किल्ली होती. तिने ती पान्यापुढे धरली.

"त्या वळणावरून नेऊन आण," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत मी ऐकलेलं तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य.

"काकू, मला... माफ करा."

"तू बसवलंयस ना? मग तूच चालव."

चाकं चढवली. पुढचे दोन्ही टायर नवे होते, रबराचे केस अजून तसेच होते. ब्रेकचा पाइप मी आधीच नवा घातला होता, तो तपासला. पान्या बसला, गाडी सुरू झाली, आणि फाटकातून बाहेर पडताना मी बघितलं, तो एकटाच होता तरी शेजारच्या सीटपासून अंग चोरून बसला होता.

तळ्यापर्यंत जाऊन यायला पाव तास पुरतो. अर्धा तास झाला. तास झाला. दादा फाटकाशी येरझारा घालत होता. आई पायरीवर शांत बसली होती. उन्हं कलली, भिंतींवरचा पिवळा रंग उतरला, आणि तेव्हा कुठे गाडी आली. हळू, रस्त्याच्या अगदी कडेने, इंडिकेटर देऊन. परीक्षेला बसलेल्या पोरासारखी.

पान्या उतरला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते. मी दार उघडून त्याची बोटं एकेक करून सोडवली. ती थंडगार होती.

"थांबूच देत नव्हते," तो समोर बघत म्हणाला. "वळण घेतलं की म्हणायचे पुन्हा. पुढे जाऊन वळवायची, परत यायचं... पुन्हा. मी रडलो, तरी पुन्हा. अगं, रात्र झाली होती. दिवे लावले होते मी. मग उजाडलं. किती वेळा उजाडलं, मला आठवत नाही."

इथे अजून अंधारसुद्धा पडला नव्हता. दादाने पेट्रोलच्या काट्याकडे बोट दाखवलं. काटा जिथे होता तिथेच होता. मी खाली वाकले. निघताना ज्यांच्यावर रबराचे केस होते, ते दोन्ही पुढचे टायर गुळगुळीत झाले होते. डाव्याच्या आतल्या तारा दिसत होत्या.

पान्याने दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत जाऊन सगळं कबूल केलं. कोणी न्यायला आलं नव्हतं, आपल्या पायांनी गेला. बाबांच्या नावापुढचा झोपेचा शेरा खोडला गेला. आई आता बोलते. दादाचं आणि माझं पूर्वीसारखं नाही, पण तो दर रविवारी घरामागे येतो, शेडचं दार धरून उभा राहतो, काहीतरी मदत विचारतो. आणि स्पेअर पार्टचा दुकानदार आता म्हणतो, मला आधीपासूनच वाटत होतं, सर झोपणारे नव्हतेच. झालं गेलं बोलून सोडून देणारी ही माणसं. एकाने तरी म्हणावं की आम्ही चुकलो.

गाडी मी पुन्हा बाहेर काढली नाही. बॅटरी काढली, पुढची दोन्ही चाकं उतरवली आणि तिला स्टँडवर ठेवली. मला वाटलं, मिटलं.

गेल्या पंधरवड्यात पान्याची बायको आली होती. बिचारीला माझ्यावर रागवायचं होतं, पण रागावता येत नव्हतं. म्हणाली, "रोज दुपारी गॅरेज बंद करतात. कोपऱ्यावर जाऊन उभे राहतात, शिकणारी मुलं सरांची वाट बघत उभी राहायची ना, तसे. मी वळून बघते तर नसतात. संध्याकाळी परत येतात ते इतके दमलेले, की हातातला पेला धरवत नाही. केस सगळे पांढरे झाले. ताई, त्यांना सोडा आता. तुम्ही सांगितलंत तर सर ऐकतील."

मी काय सांगू? आणि कोणाला? त्याने बाबांना सोडलं होतं का? असं मी तिला म्हणाले, आणि मग माझंच मला ऐकवेना.

ती गेल्यावर मी शेड उघडली. गाडी तशीच होती. चाकं भिंतीला टेकवलेली, स्टँडवर धूळ, कोळ्याने आर्मपासून जमिनीपर्यंत जाळं विणलेलं. ते जाळं कुठेही तुटलं नव्हतं. मी वाकून डाव्या बाजूच्या उघड्या ब्रेक ड्रमवर, गाडी पळाली की ब्रेकने तापतो त्या लोखंडावर, तळहात टेकवला.

हा बघा. अजून फोड गेलेला नाही.